गाड्या सुरू करून दाखवतो म्हणून पैसे घेतलेत आणि एकही सुरू झाली नाही

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
ग्राहक सेवा विभाग

विषय : क्लबच्या ग्रुप बुकिंगचे डेमोचे पैसे परत मिळणे, चुकीच्या पाट्या बदलणे आणि हॉलमधला आगीचा धोका ताबडतोब दूर करणे याबाबत.

नमस्कार साहेब,

आमचा जुन्या मोटरसायकलवाल्यांचा क्लब आहे. गेल्या रविवारी आम्ही सगळे आपापल्या जुन्या गाड्या चालवत तुमच्या मोटरसायकल म्युझियमला आलो होतो. बुकिंगच्या वेळी तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं आणि नंतर ईमेलवर पण लिहून दिलं की ग्रुपसाठी तीन गाड्या सुरू करून दाखवू, त्याचा वेगळा चार्ज आहे. तो चार्ज आम्ही आगाऊ भरला कारण खरं सांगायचं तर आम्ही त्याच्यासाठीच आलो होतो, नुसत्या उभ्या गाड्या बघायच्या तर फोटो पण चालतात, पण जुन्या इंजिनचा आवाज समोर उभं राहून ऐकणं वेगळंच असतं आणि क्लबमधल्या काही वयस्कर मंडळींनी तर ह्या गाड्या तरुणपणी चालवल्यायत.

तीनपैकी एकही गाडी सुरू झाली नाही.

पहिली जावा. किक मारून मारून तुमच्याकडचा कामाचा मुलगा दमला, शेवटी आमच्यातल्या एकाने त्याला विचारून टाकीचं झाकण उघडलं तर आत इतकं जुनं पेट्रोल की वासच बदललेला. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि खाली चिकट थर राहतो, तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, जाऊन बसतो, मग कितीही किका मारा. इथेनॉलवालं पेट्रोल असेल तर ते पाणी पण ओढतं, टाकी आतून गंजते, जुने रबरी पाइप खराब होतात. हे तुमच्या वर्कशॉपला माहीत नसेल तर म्युझियम चालवायचं कसं? गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवायचा, आणि डेमोला काढायची असेल तर आदल्या दिवशी ताजं पेट्रोल टाकून एकदा सुरू करून बघायची, एवढं साधं आहे.

दुसरी बुलेट, आणि इथे मला खरंच राग आला. जुनी बुलेट सुरू करायची पद्धत ठरलेली आहे, आधी ॲम्पियर मीटरचा काटा बघत हळूहळू किक दाबायची, काटा मध्यावर आला की इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेशन लिव्हर ओढून पिस्टन जरासा पुढे काढायचा, लिव्हर सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग एक सणसणीत किक. त्या मुलाला हे कोणी शिकवलेलंच नव्हतं, तो आला आणि सरळ अंगाचा सगळा भार टाकून किकवर उभा राहिला, गाडीने उलटी किक मारली आणि त्याच्या नडगीवर बसली. नशीब हाड वाचलं. तो बिचारा आमचीच माफी मागत होता. साहेब, ह्यात त्याची काहीएक चूक नाही, ट्रेनिंग न देता माणसाला अशा गाडीपुढे उभं करणाऱ्याची आहे, आणि ह्या पत्रामुळे त्याच्या नोकरीवर काही येता कामा नये ही आमच्या पूर्ण क्लबची विनंती आहे.

तिसरी यामाहाची आरडी ३५० त्यांनी मग बाहेर काढलीच नाही. एका अर्थी बरंच झालं, कारण तिच्या टू स्ट्रोक इंजिनला ऑइल नीट पोचतंय का ते न बघता कोणी रेस केली असती तर पिस्टन जाम झाला असता.

आता पाट्यांबद्दल. माहितीची पाटी वाचून लहान मुलं शिकतात, त्यामुळे ही गोष्ट मी किरकोळ समजत नाही. जावाच्या पाटीवर "दोन सिलिंडर" लिहिलंय. ती २५० सीसीची एका सिलिंडरची गाडी आहे, सायलेन्सर दोन आहेत म्हणून सिलिंडर दोन होत नाहीत! बुलेटच्या पाटीवर १९५५ आणि गिअर मात्र डाव्या पायाला, तेव्हाच्या बुलेटला गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असायचा, म्हणजे एक तर साल चुकलंय नाहीतर गाडी नंतर बदललीय, जे असेल ते लिहा. आरडीवर १९७३ टाकलंय आणि पुढे ड्रम ब्रेक. १९७३ च्या जपानी आरडी ३५० ला पुढे डिस्क होती, ड्रमवाली म्हणजे १९८३ पासून भारतात निघालेली राजदूत ३५०. ती पण तेवढीच मानाची गाडी आहे, तिला दुसरीचं साल लावायची काय गरज?

सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते इंग्लंडची जुनी व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो बघून. ९९८ सीसी, त्या काळात ताशी १२५ मैलांचा स्पीड सांगणारी गाडी, आणि तिची ओळखच काळ्या रंगाचं इंजिन. तुमच्याकडे इंजिन चकचकीत चांदीसारखं. म्हणजे कोणीतरी मूळ काळा रंग घासून पॉलिश केलाय, किंवा ती ब्लॅक शॅडो नाहीच, त्याच कंपनीची रॅपिड आहे. इंजिन नंबर बघा, शॅडोच्या नंबरात "एफ१०एबी/१बी" असतं आणि रॅपिडच्या नुसतं "एफ१०एबी/१". पाच मिनिटांचं काम आहे. गाइडला विचारलं तर तो म्हणाला पाटीवर जे आहे तेच बरोबर.

पार्किंगमध्ये ऑइल गळतं म्हणून आमच्या गाड्या बाहेर उतारावर लावायला लावल्या, त्याबद्दल फार बोलत नाही, खाली टाकायला पुठ्ठे आम्ही स्वतः आणले होते तरी ऐकलं नाही.

पण शेवटची गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे. मागच्या हॉलमध्ये पेट्रोलचा वास येत होता, म्हणजे गाड्यांच्या टाक्या भरलेल्याच आहेत, कुठूनतरी गळतंय पण. त्याच हॉलमध्ये दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडलेल्या, जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्डची वायर, आणि इमर्जन्सी दरवाजासमोर लाकडी खोकी. २००३ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल मोटरसायकल म्युझियमला आग लागली आणि साडेतीनशेच्या वर गाड्यांची वाट लागली. २०२१ च्या जानेवारीत ऑस्ट्रियात होखगुर्गलचं डोंगरावरचं म्युझियम जळलं, तिथे पण दोनशेच्या वर गाड्या गेल्या. ह्यातल्या कितीतरी गाड्या परत कधीच मिळणार नाहीत. आणि तुमच्या हॉलमध्ये त्या दिवशी शाळेची मुलं पण होती, गाड्यांचं सोडा. खोक्यांचे आणि वायरचे फोटो सोबत जोडलेत.

आमचं म्हणणं असं की डेमोचा पूर्ण चार्ज परत करा, तिकिटाचे पैसे आम्ही मागत नाही. पाट्या तपासून दुरुस्त करा. खोकी हलवणं, टाक्या रिकाम्या करणं आणि बॅटऱ्या काढणं हे मात्र पत्र मिळाल्या दिवशीच करा, त्याला कुठल्या मीटिंगची गरज नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, नाही आलं तर आम्ही ग्राहक आयोगाकडे जाऊ आणि फोटो फायर ब्रिगेडला देऊ.

आणि तुमच्याकडच्या कामाच्या मुलांना बुलेटची किक शिकवायची असेल तर आमच्यातले दोन-तीन जुने जाणकार एक पूर्ण दिवस यायला तयार आहेत, फुकट. जावाचा कार्बोरेटर पण तेव्हाच खोलून साफ करून देतील. दिवस तुम्ही कळवा.

आपला,
सेक्रेटरी, क्लबच्या सर्व सभासदांच्या वतीने

सोबत : बुकिंगचा ईमेल, पैसे भरल्याची पावती, हॉलचे आणि पाट्यांचे फोटो