फोटो पाठवू नकोस, कसं केलंय ते लिही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं आणि पहिल्याच पानावर तू भांडण उकरून काढलंस, हे एक बरं केलंस. तेहचिंग शिए या कलाकाराचं काम मी एवढ्या हौसेने तुला कळवलं आणि तू एका ओळीत निकाल लावून मोकळा झालास, ‘यात कला कुठे आहे? हा नुसता हट्टीपणा आहे.’ हट्टीपणा आहे, मान्य. बाकीचं मान्य नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

तू पाहिलास तो एकच फोटो. कामगाराचा गणवेश घातलेला, डोकं भादरलेला माणूस आणि शेजारी भिंतीवर हजेरीचं घड्याळ. तेवढ्यावरून कुणालाही वाटेल की पोज दिली आणि झालं. प्रत्यक्षात काय झालं ते ऐक. एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१ असं अख्खं वर्ष, न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत, दर तासाला, दिवसरात्र, त्याने त्या घड्याळात कार्ड पंच केलं. दर वेळी शेजारच्या कॅमेऱ्याने फिल्मची एकच फ्रेम टिपली. डोकं सुरुवातीलाच भादरलेलं, त्यामुळे ते वर्ष सहाएक मिनिटांत डोळ्यांसमोरून पळतं तेव्हा घड्याळाचे काटे गरागरा फिरतात आणि केस खांद्याकडे वाढत जातात. ८,७६० पैकी १३३ हजेऱ्या हुकल्या. त्याही त्याने लपवल्या नाहीत, कारणांसकट मांडून ठेवल्या. ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला आणि १० वेळा तो वेळेआधी पोचला. मला ते दहा फार आवडतात. वर्षभर सलग तासभरही धड झोप नाही, आणि तरी गडी वेळेआधी हजर!

आणखी एक गोष्ट फोटोत दिसत नाही. हा माणूस तैवानचा. १९७४ मध्ये जहाजावरून उतरून अमेरिकेत शिरला आणि पुढे कित्येक वर्षं तिथे कागदपत्रांशिवाय राहिला. ज्याची सरकारदरबारी कुठेच नोंद नाही, तो दर तासाला स्वतःची नोंद करतोय. कारखान्यात हजेरी लावतात ती पुढच्या कामासाठी. इथे हजेरी लावली की काम झालं, आणि लगेच पुढच्या तासाची काळजी सुरू. एवढं कळल्यावरही तुला तो नुसता हट्टीपणा वाटत असेल, तर वाटो बापडा.

भिंतीवर चिकटपट्टीने डकवलेल्या त्या केळ्याचं मात्र तू किती कौतुक केलंस! मॉरित्सिओ कातेलानचं २०१९ चं काम, जे २०२४ च्या लिलावात ६२ लाख डॉलरना गेलं. विनोद चांगला आहे, मीही हसले. पण सांगून झाला की संपला. त्याच्यासमोर तासभर उभं राहून जास्तीचं काही हाती लागेल, असं मला वाटत नाही. माझी कसोटी सध्या एवढीच आहे. कामाचं वर्णन एका वाक्यात करून झाल्यावर मागे काही उरतं का?

पोलिश चित्रकार रोमन ओपाल्काच्या कामाचं वर्णन तर अर्ध्या वाक्यात होतं. त्याने आकडे लिहिले. १९६५ मध्ये वॉर्सात कॅनव्हासच्या डाव्या कोपऱ्यात १ लिहिला आणि २०११ मध्ये मरेपर्यंत तो पुढे मोजतच राहिला. शेवटचा आकडा ५६,०७,२४९. छापील चित्रात त्याचं काम म्हणजे करड्या रंगाचा चौकोन. पण एकदा जवळून काढलेला फोटो पाहिला आणि मी चाटच पडले. बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला की पहिला आकडा ठळक उमटतो, मग रंग सरत जातो तसे आकडे फिके होतात, अगदी दिसेनासे व्हायला येतात, आणि पुन्हा ब्रश बुडला की पुन्हा ठळक. हे कॅनव्हासभर चाललेलं असतं. त्यामुळे एवढ्या एकसुरी कामात कुणी आराखडा न काढता आपोआप लाटा उठतात. १९७२ पासून तो प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या पार्श्वभूमीत एक टक्का पांढरा वाढवत गेला. म्हणजे शेवटी पांढऱ्यावर पांढरं. लिहिता लिहिता आकडे पोलिश भाषेत मोठ्याने म्हणायचा आणि ते टेप करून ठेवायचा, कारण पुढे नुसत्या डोळ्यांना काही कळणार नव्हतं.

मी तसं करून पाहिलं. करड्या कागदावर, शून्य नंबरच्या ब्रशने, दुपारभर. पहिल्यांदा अक्षर सुधारायची धडपड होते. मग कंटाळा येतो, मग कंटाळाही जातो आणि हात स्वतःच्या चालीने चालू लागतो. उठून मागे जाऊन पाहिलं तर कागदावर कुठे श्वास लागला होता, कुठे मी घाई केली होती, सगळं दिसत होतं. रेषेबद्दल वर्गात इतकं ऐकलेलं, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. तूही करून बघ, मग बोलू.

वेळेचं पुरे. साहित्याबद्दलही तू टोमणा मारलाच आहेस की हल्ली कशालाही मांडणीशिल्प म्हणतात. ‘कशालाही’ नाही रे. घानाचा शिल्पकार एल अनात्सुई, त्याची ती झळाळती ‘कापडं’ दारूच्या बाटल्यांच्या झाकणांची आहेत, हे तुला माहीत आहे. पण झाकणंच का? युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू आणली आणि तीच दारू गुलामांच्या व्यापारात चलन म्हणून वापरली गेली. ती झाकणं चेपून, मुडपून, तांब्याच्या तारेने एकमेकांत ओवलेली. वर गंमत अशी की, ते कसं टांगायचं हे तो ठरवून देत नाही. लावणाऱ्याने चुण्या पाडाव्यात तशा. त्यामुळे तेच शिल्प दुसऱ्या भिंतीवर वेगळं होतं. आपल्या शिल्पकलेच्या सरांना हे ऐकवलं तर त्यांना झोप लागायची नाही.

शीला गौडांचं ‘बिहोल्ड’ (२००९) याच्याही पुढचं. मोटारींचे चकचकीत बंपर आणि माणसाच्या केसांची चार हजार मीटर दोरी, बस. देवाला वाहिलेल्या केसांच्या दोऱ्या गाडीला नजर लागू नये म्हणून बंपरला बांधतात, तीच ही दोरी. रस्त्यावर लोखंडाला चिकटून असलेले केस इथे लोखंडाला तोलून धरतात. मृणालिनी मुखर्जींच्या तागाच्या गाठींच्या मूर्तींबद्दल मात्र मी इथे लिहीत नाही, त्यांना वेगळं पत्र लागेल. एवढंच सांगते की आधी रेखाटन नाही, माग नाही, नुसत्या गाठी मारत मारत माणसापेक्षा उंच आकार उभे केलेत.

आणि अमेरिकन कलाकार मीर्ल लेडरमन युकेलिस. १९६९ च्या आपल्या कलेविषयीच्या जाहीरनाम्यात बाई विचारतात की क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार? पुढे १९७३ मध्ये त्यांनी एका म्युझियमच्या पायऱ्या गुडघ्यांवर बसून घासल्या, आणि १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या साडेआठ हजार सफाई कामगारांना एकेक करून भेटून हस्तांदोलन केलं, आभार मानले. याला तू समाजसेवा म्हणशील. मी स्वतः अजून ठरवलेलं नाही. पण साडेआठ हजारावा हात पहिल्याइतक्याच मनापासून हातात घ्यायचा, ही शिस्त आपल्या किती चित्रकारांना जमेल?

तर आता तुझी पाळी. नुसतं नाव आणि फोटो नको. फोटोत सगळंच सारखं गुळगुळीत दिसतं. काय वापरलं, किती वेळ लागला, जवळून कसं दिसतं, ते लिही. प्रभाकर पाचपुतेंचं तू काहीतरी पाहून आलायस असं कानावर आलंय. चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातून आलेला माणूस भिंतीवर कोळशानेच खाणकामगार काढतो, एवढं मला ठाऊक आहे. रेष कशी आहे, पुसलेली जागा तशीच ठेवलीय की झाकलीय, भिंतीचा खडबडीतपणा वापरलाय का, हे मला तुझ्याकडून हवंय.

शिएबद्दल मत बदललं नाहीस तरी चालेल. फक्त या वेळी एका ओळीत उरकू नकोस.

तुझीच