नवशिक्यांसाठी म्हणून विकलेल्या गळाच्या संचाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : संचात रॉडला न पेलणारं वजन, चुकीचे गळ आणि एकही सूचना नसणे; त्यातून झालेली इजा

महोदय,

गेल्या महिन्यात मी तुमच्या संकेतस्थळावरून 'नवशिक्यांसाठी गोड्या पाण्यातील मासेमारी संच' मागवला. अक्कलकोटहून सुट्टीला आलेल्या तेरा वर्षांच्या भाच्यासाठी तो होता. मी स्वतः लहानपणी बांबूची काठी, नायलॉनची दोरी आणि मोरपिसाच्या काडीचा तरंगा घेऊन मासे धरले आहेत, पण रीळ कधी हाती धरलं नव्हतं. म्हणूनच 'नवशिक्यांसाठी' हा शब्द पाहून विश्वासाने पैसे भरले.

खोक्यात आठ फुटी घडीचा कार्बन रॉड, रीळ, दोरी, गळांची पाकिटं आणि शिसं होतं. सूचनांचा कागद नव्हता. तलावाचा ठेका असलेल्या संस्थेच्या माणसाला विचारून रविवारी सकाळी आम्ही हिप्परग्याच्या तलावावर गेलो. भाच्याने संचातलंच शिसं लावून दोरी फेकली आणि दुसऱ्याच फेकीत रॉडचं टोकाचं पेर कडकन मोडलं. तुमचा माणूस फोनवर म्हणाला, "जोरात फेकलं असेल." मुठीच्या वरच्या अंगाला बारीक अक्षरांत ५ ते २० ग्रॅम छापलेलं आहे, म्हणजे त्या रॉडने एवढ्याच वजनाचं फेकायचं. घरी आल्यावर ते शिसं मी गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर ठेवलं, तर भरलं ५८ ग्रॅम. २० ग्रॅमच्या रॉडसोबत ५८ ग्रॅमचं वजन तुम्हीच एका खोक्यात घालून दिलंत. त्या छापील आकड्याचा अर्थ नवशिक्याला कोण सांगणार?

पुढचं जास्त गंभीर आहे. गुंतलेली दोरी मी सोडवत होतो आणि त्याच वेळी भाच्याने रॉड उचलला. दोरी ताणली गेली आणि तीन तोंडी गळाचं एक टोक माझ्या डाव्या तर्जनीत उलट्या काट्यासकट रुतलं. ओढून काढायला गेलो असतो तर मांस फाटलं असतं. तसाच गळ बोटात घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बोट बधिर करून टोक पुढे ढकलत कातडीबाहेर काढलं, काटा पकडीने कापला आणि मग गळ मागे घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. हेच त्या पोराच्या डोळ्याजवळ झालं असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

तीन तोंडी गळ नवशिक्याच्या संचात मुळात हवेतच कशाला? आमच्याकडे शिकणारा माणूस आधी चिलापीच धरतो. कणकेची गोळी किंवा गांडूळ लावायला ८ किंवा १० नंबरचा एकेरी गळ पुरतो. तुम्ही दिलेले एकेरी गळ १/० आणि २/० चे निघाले. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, आणि आकड्यापुढे '/०' असलं की उलट आकडा वाढेल तसा मोठा होतो, हे मला नंतर एका जाणत्या मच्छीमाराकडून कळलं. उलटा काटा पकडीने दाबून सपाट करता येतो, फेकताना मागे कोणी उभं नाही ना हे बघायचं, रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सुटू देणारा ताण, पूर्ण आवळायचा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. चार ओळींचा कागद असता तर हे सगळं तुमच्याकडून कळलं असतं.

आणखी दोन गोष्टी. चीर असलेले शिशाचे मणी दोरीवर बसवायला भाचा दातांनी दाबत होता. शिसं विषारी आहे, हे पाकिटावर कुठेही लिहिलेलं नाही. आणि कार्बनमधून वीज वाहते. तलावाकाठच्या शेतांत पंपांच्या तारा खाली लोंबत असतात. तिथे उघडलेला आठ फुटी रॉड खांद्यावर घेऊन चालणाऱ्या मुलाला ही सूचना नाही, हे मला अक्षम्य वाटतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना वा इशारा नसल्यामुळे इजा झाली, तर उत्पादक जबाबदार धरला जातो. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. माझ्या पहिल्या ईमेलला बारा दिवस झाले, पोचही नाही.

संचाचे पूर्ण पैसे आणि दवाखान्याचा खर्च परत करा. विक्रीत असलेल्या संचांतून तीन तोंडी गळ आणि ते जड शिसं काढा. प्रत्येक खोक्यात मराठीत सूचनापत्रक घाला. महाराष्ट्रात माल विकता, तर एवढं करायलाच हवं. महिन्याभरात उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.

मोडलेलं पेर, कापलेला गळ आणि शिसं मी वेगवेगळ्या पिशव्यांत जपून ठेवलं आहे. दवाखान्याची पावती आणि फोटो सोबत जोडले आहेत. तपासायला वस्तू हव्या असतील तर कुरिअर पाठवा, पण पोच लेखी द्या.

आपला ग्राहक,
सोलापूर