सल्लागार नेमण्याआधी कार्यकक्षा नीट लिहा

संपादक महोदय,

संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांवर देशाची प्रगती तपासण्यासाठी सल्लागार नेमताना सारी चर्चा दरपत्रकावर होते. खरी गफलत कार्यकक्षेच्या, म्हणजे सल्लागाराने नेमके काय आणि कसे करायचे याच्या, मसुद्यात असते.

ही प्रगती मोजणारा नीती आयोगाचाच निर्देशांक घ्या. २०१८ मध्ये त्यात १३ उद्दिष्टे, ६२ निर्देशक (प्रगती मोजण्याच्या बाबी) होते आणि देशाचे गुण १०० पैकी ५७. २०२३-२४ मध्ये १६ उद्दिष्टे, ११३ निर्देशक आणि गुण ७१. मोजपट्टीच बदललेली असताना ‘१४ गुणांची वाढ’ असे सरसकट लिहिणे चूक आहे. दोन्ही वर्षांत समान असलेले निर्देशक वेगळे काढून त्यांचीच तुलना करावी, ही अट करारातच हवी.

दुसरी गोम सरासरीत आहे. एका निर्देशकाला ९० आणि दुसऱ्याला ३० गुण असले की सरासरी ६० दिसते, आणि त्या ३० कडे कुणाचे लक्षच जात नाही. म्हणून प्रत्येक निर्देशकापुढे मूळ आकडा, वर्ष, स्रोत आणि छेद (ज्या संख्येने भागले ती संख्या) छापलाच पाहिजे. छेदाचा आग्रह अशासाठी, की २०११ नंतरची जनगणना रखडल्याने या काळातले दरडोई आकडे अंदाजित लोकसंख्येवर उभे आहेत.

मानधनाचा शेवटचा हप्ता नुसता पीडीएफ अहवाल आला म्हणून देऊ नये. गणनेची एक्सेल फाइल घ्यावी, खात्यातल्या माणसाने तिच्यावरून तेच गुण पुन्हा काढावेत, मगच देयक मंजूर करावे. ज्या संस्थेने योजना राबवली, तिच्याकडेच मूल्यमापन जाणार नाही, हेही निविदेत स्पष्ट लिहावे.

– सांख्यिकी क्षेत्रातील काही वाचक, पुणे