‘टेक-अवे’ नको, ‘बांधून मिळेल’ लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकू तालुक्याच्या बसस्टँडसमोर नव्याने सुरू झालेल्या हॉटेलात आलूबोंडे घ्यायला गेल्या. यवतमाळला शिकणाऱ्या नातीसाठी न्यायचे होते. हॉटेलात दोन खिडक्या. एकीवर ‘डाइन-इन’, दुसरीवर ‘टेक-अवे’, दोन्ही ठळक देवनागरीत. काकू रोज पोथी वाचतात, अक्षरओळखीचा प्रश्नच नव्हता. पण उभ्या राहिल्या पहिल्या खिडकीशी. नंबर आल्यावर ‘ही लाइन नाही’ ऐकून दुसरीकडे गेल्या, तोवर एस.टी. सुटली. पुढच्या गाडीला दीड तास होता.

दुकानांच्या मराठी पाट्यांचा नियम 2022 मध्ये लहान दुकानांनाही लागू झाला, याचा मला आनंदच आहे. पण अक्षरे आपली आणि शब्द परका असेल, तर वाचणारा माणूसही अडाण्यासारखा उभा राहतो. काकूंना त्या दिवशी तसेच वाटले, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटले.

आपल्याकडे यासाठी शब्द नाही असे तर मुळीच नाही. गावच्या टपरीवर तर्रीपोहे मागितले की तो विचारतो, ‘अथीच खाता का बांधून देऊ?’ यात सगळे आले. पूर्वी पळसाच्या पानात ठेवून वरून दोरा गुंडाळत, म्हणून ‘बांधून’. पान गेले, प्लास्टिकची पन्नी आली, तरी क्रियापद तेच राहिले. (गरम तर्री पातळ पन्नीत ओतून देणे मात्र थांबलेच पाहिजे. वर्तमानपत्राच्या कागदात बांधणेही, कारण छपाईची शाई अन्नात उतरते.)

‘पार्सल’लाही माझा विरोध नाही. शब्द इंग्रजी खरा, पण टपाल आणि रेल्वेच्या वाटेने तो कधीच इथला झाला. इंग्लंडात हॉटेलात कुणी ‘पार्सल’ मागत नाही. तिथे ‘टेकअवे’ म्हणतात, अमेरिकेत ‘टेकआउट’ किंवा ‘टू गो’. नुसत्या पुडक्याच्या शब्दाला बांधून नेलेल्या खाण्याचा अर्थ आपण या देशात दिला. 2020 च्या टाळेबंदीत हॉटेलांवर ‘फक्त पार्सल’ अशा पाट्या लागल्या होत्या, तेव्हा कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

काही मंडळी म्हणतात, शुद्ध मराठी हवे तर ‘शिदोरी’ लिहा. हे मला अजिबात पटत नाही. कापूस वेचायला निघालेली बाई अंधारात उठून ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधते, ती शिदोरी. लेक माहेरून निघते तेव्हा आई पुरणपोळ्या बांधून देते, तीही शिदोरी. काल्याच्या कीर्तनात गोपाळ एकत्र करतात, ती शिदोरीच. वावरात बाभळीखाली बसून दुसरीच्या शिदोरीतला घास हक्काने मागता येतो. पैसे मोजून खिडकीतून घेतलेल्या पुड्याला हे नाव दिले, तर उद्या आपल्या पोरांना शिदोरी म्हणजे हॉटेलचे खाणे वाटेल. ‘डबा’ही तसाच घरचा. आमच्या गावातून सकाळच्या एस.टी.ने शहरात शिकणाऱ्या मुलांचे डबे जातात. झाकणावर मुलाचे नाव लिहिलेले असते, आणि तिकडे मूल स्टँडवर वाट पाहत असते. त्याला कुणी पार्सल म्हणत नाही, म्हणूही नये.

तेव्हा हॉटेलमालकांना माझी कळकळीची विनंती आहे की ‘बांधून मिळेल’ लिहा, जागा कमी असेल तर ‘पार्सल’ लिहा. आणि संपादक महोदय, आपल्याच अंकात परवा एका भोजनालयाची जाहिरात ‘टेक-अवे उपलब्ध’ अशी छापून आली होती. जाहिरात घेताना तेवढा एक शब्द बदलून घ्यावा, ही आपल्यालाही विनंती.

आपला नियमित वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ