दुसरा रिमोट

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

चि. अद्वैत यास,
अनेक आशीर्वाद.

परवा मामा आला होता आणि तू फोनवर होतास, तेव्हा तुम्ही दोघांनी मिळून जुन्या व्हिडिओ गेमचा निकाल लावून टाकलात: मारिओ पहिला, काँट्रा दुसरा, बाकीचे सगळे किरकोळ. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. "आई, तुझा आवडता कुठला?" असं तू विचारलंस खरं, पण मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "तिला काय विचारतोस, ती नुसती बघायची."

नुसती बघायची! मेथी तशीच ठेवून आत गेले ते तुला कळलंही नसेल. म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही मामा-भाचे मला वाक्य पुरं करू देत नाही.

सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या ते तुला माहीत आहे. १९९३ च्या दिवाळीत आजोबांनी बोनसमधून तपकीर गल्लीतून व्हिडिओ गेम आणला. खोक्यावर नाव कुठलंही असो, आत निन्टेंडो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिली कॉम्प्युटरची नक्कल. सोबत एक बंदूक, एक पिवळी कॅसेट आणि दोन रिमोट. कॅसेटवर ९९९९ गेम लिहिलेले, प्रत्यक्षात पंधराएक. तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. आजोबा आठवडाभर त्या दुकानदाराला जाऊन विचारणार होते, गेले नाहीत.

दोन्ही रिमोट लांबून सारखे दिसायचे. पहिल्यावर मधोमध स्टार्ट आणि सिलेक्ट अशी दोन बटणं होती. दुसऱ्यावर ती जागा कोरी. मूळ जपानी यंत्रातसुद्धा दुसऱ्या रिमोटला ही बटणं नव्हती, पण तिथे निदान त्याऐवजी मायक्रोफोन दिलेला होता. नक्कल करणाऱ्यांनी तोही काढून टाकला, म्हणजे दुसऱ्याने ओरडायची सोयही गेली. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, हे सगळं पहिल्याच्या हातात. आणि दादा, म्हणजे तुझा मामा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. पहिला रिमोट कुणाचा यावर आमच्याकडे कधी चर्चाच झाली नाही. मी कच्चा लिंबू.

तेव्हा मी गेम तोलते ते दुसऱ्या रिमोटच्या बाजूने. तुमच्या यादीत ती बाजूच नाही.

मारिओच घे. १९८५ चा. त्यात दोघं खेळतात म्हणजे काय, तर पहिला मरेपर्यंत दुसऱ्याने बसून राहायचं. दादा मरायचाच नाही. मी लुइजी. मांडीवर रिमोट घेऊन अर्धा अर्धा तास दादाच्या मारिओच्या मरणाची वाट बघत बसायचे, सख्ख्या भावाच्या बाबतीत असं मनात आणू नये तरी. शेवटी पाळी यायची. दादा तिसऱ्या जगात आणि माझा लुइजी पहिल्याच स्टेजच्या पहिल्याच मशरूमसारख्या बुटक्याला धडकून पंधरा सेकंदांत गार. की पुन्हा अर्धा तास.

पण बघणाऱ्याला जे दिसतं ते खेळणाऱ्याला दिसत नाही. आमचा टीव्ही काळा-पांढरा होता. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की वरचा ढग आणि खालचं झुडूप यांचा आकार एकच आहे. दादाला सांगितलं तर म्हणाला, "गप ग, पडेन मी." पुढे कित्येक वर्षांनी, तू लहान असताना, रंगीत पडद्यावर पाहिलं. खरंच तोच आकार, वर पांढरा आणि खाली हिरवा. अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता ना, मग एकच चित्र दोन ठिकाणी वापरलं. मी तुला रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवते (आणि तू बघत नाहीस) त्याला याहून जास्त जागा लागत असेल. त्यात मारिओ करणाऱ्या मियामोतोंनी ३२ स्टेज बसवल्या.

मारिओ चांगला नाही असं मी म्हणत नाही. मेलास तर चूक तुझीच असते, खेळाची नसते, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते मरतानाच कळतं. हे फार थोड्या गेममध्ये असतं. पण मला तो बारा महिन्यांत बारा मिनिटं मिळाला असेल.

आणि संगीत म्हणशील तर दुपारी एक ते चार आवाज बंद. आजी झोपलेली, वाडा झोपलेला. तिचा त्या यंत्राच्या अ‍ॅडॅप्टरवर राग होता कारण तो तापायचा. एकदा दादा आठव्या जगात पोचला होता आणि जेवायला बसताना चालूच ठेवून आला, कारण त्या कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. आजीने हात लावून पाहिला, "पेटेल की रे हे," म्हणाली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. दादा ताटावरून उठला. मला हसू आवरेना, म्हणून मीही उठले.

लक्ष्मी रस्त्याच्या एका गल्लीत तेव्हा नाणी टाकून खेळायची मशीन होती, तिथे मी दोनदाच गेले. दोन्ही वेळा तिथे दुसरी मुलगी नव्हती. मुस्तफाच्या मशीनभोवती एवढी गर्दी की पुढचं दिसायचं नाही. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३ चा, पण त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा म्हणून सगळं पुणं त्याला मुस्तफाच म्हणायचं. कोपऱ्यात मात्र एक जुनं पॅकमॅन होतं आणि त्याच्यापुढे कोणी नव्हतं.

आता गंमत ऐक. पॅकमॅन करणारे तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये तो केला तेव्हा त्यांच्या डोक्यात हेच होतं की ही आर्केडं म्हणजे पोरांचे अड्डे झालेत, सगळीकडे गोळीबार, मुलींनी यावं असं काहीतरी करू. म्हणून खाण्याचा खेळ. जपानमधल्या त्या माणसाचा बेत लक्ष्मी रस्त्यावर माझ्यापुरता तरी सफल झाला. दादाने दिलेलं एकच नाणं मी त्यात टाकलं.

त्यातली चार भुतं चार स्वभावांची आहेत हे तुला माहीत आहे का? लाल थेट पाठलाग करतं. गुलाबी तू जिथे आहेस तिथे येत नाही, तुझ्या तोंडासमोर चार घरं पुढे जाऊन उभं राहायला बघतं. निळं स्वतःचं काही ठरवत नाही, लाल कुठे आहे आणि तू कुठे आहेस यावरून हिशेब करतं. आणि नारिंगी तुझ्या जवळ येतं आणि आठ घरांच्या आत आलं की घाबरून आपल्या कोपऱ्याकडे वळतं. हे मी खूप नंतर वाचलं, पण वाड्यात वाढलेल्या मुलीला नवीन नव्हतं. आमच्या चार काकवा अशाच होत्या. गुलाबी कुठली ते तुला समोर सांगेन, पत्रात नको.

घरच्या यंत्रावर परत येते. काँट्रा. तुमचा दुसरा नंबर. आर्केडमध्ये १९८७, घरच्या यंत्रावर १९८८. यात दोघं एकदम खेळतात, वाट बघायची नाही, म्हणून मी किती खूश झाले होते. वर वर खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. माझ्या भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर हे लिहिलेलं होतं आणि बाईंनी विचारलं तर दिशांचा अभ्यास म्हणून सांगितलं. सुरुवातीला ही बटणं या क्रमाने दाबली की तीन लाइफच्या तीस. हा मंत्र मूळचा काँट्राचा नाही, ग्रॅडियस नावाच्या विमानाच्या गेमचा. तो घरच्या यंत्रावर आणताना कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःलाच तो जमेना, तपासून तर बघायचा होता, म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही सोय केली आणि ती तशीच राहून गेली.

पण तिसरी स्टेज. धबधबा. तिथे आडवं जायचं नसतं, उड्या मारत वर चढायचं असतं, आणि पडदा जो वर असेल त्याच्याबरोबर सरकतो. जो खाली राहिला त्याच्या पायाखालचा दगड पडद्याबाहेर गेला की तो मेला. शत्रूची गोळी नाही, काही नाही. भाऊ वर चढला म्हणून मेला.

"थांब ना दादा!"

"तू चल ना!"

"अरे माझं पाऊल तिथे..."

"मेलीस. चल, आली परत. उडी मार. मेलीस."

तीस लाइफ अशा संपवायच्या. आणि शिवाय दादाच्या संपल्या की माझ्या उरलेल्यातली त्याने घ्यायची, तीही सोय त्या गेमने करून ठेवलेली. मी रिमोट आपटला की म्हणणार, रडीचा डाव. तेव्हा काँट्रा दुसरा नंबर असेल तर धबधब्यावर वर असणाऱ्याचा. मामाला विचार, त्याला ती स्टेज अवघड वाटायची का. नाही म्हणेल.

बदकांच्या गेमचं तुम्ही नावही काढलं नाहीत. दादा तो लहान मुलांचा म्हणतो. कारण सांगते.

त्यात बंदुकीतून काही बाहेर जात नाही, उलट आत येतं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा बघतो की आधी अंधार आणि मग उजेड दिसला का. दिसला तर बदक पडलं. दादाने बंदूक साठच्या दिव्यावर धरून पाहिली होती. आधी काळं दिसायला हवं, दिवा कुठला काळा होतो, म्हणून ते फसलं.

तर बंदूक त्याच्या हातात. त्यामुळे पहिला रिमोट मोकळा. जमिनीवर पडलेला. मी तो सहज उचलला आणि बटणं दाबत बसले. दादा बंदूक रोखून उभा, आणि बदक एकदम उलटं वळलं. तो चुकला. पुन्हा रोखली, बदक खाली गेलं. मी अंगठा डावीकडे दाबला, बदक डावीकडे. वर दाबला, वर. मला कळायला दोन बदकं लागली, त्याला चार दिवस लागले. एका बदकाच्या डावात रिमोटवाल्याला बदक उडवता येतं, ती त्या गेममध्येच ठेवलेली सोय आहे. चार दिवस मी चेहरा सरळ ठेवून बदक होते. तो कुत्रा गवतातून उठून हसायचा तेव्हा दादा त्याच्यावर गोळ्या झाडायचा. कुत्र्यावर!

पाचव्या दिवशी त्याने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तेव्हापासून तो गेम लहान मुलांचा झाला.

आणि माझा पहिला नंबर, तुम्ही कोणी सांगू दिला नाहीत तरी: टँक. बॅटल सिटी, १९८५, नामको कंपनीचा. दोघं एकदम, एकाच पडद्यावर, पडदा कुठे सरकत नाही. प्रत्येक स्टेजला शत्रूचे वीस टँक, आणि खाली विटांच्या कुंपणात आपला पक्षी, त्याला जपायचं. दादाचा टँक पिवळा, माझा हिरवा. आमच्या टीव्हीवर दोन्ही राखाडी! प्रत्येक डाव सुरू झाला की दोघांनी एकदा टँक हलवून बघायचा, माझा हा, तुझा तो. मध्येच गल्लत व्हायची आणि मग आपलीच गोळी आपल्याच माणसाला. पण त्यात आपली गोळी लागली तर मरत नाही, थोडा वेळ जागच्या जागी खिळून राहतो. धबधब्यावर मारायचं आणि इथे नुसतं थांबवायचं, केवढा फरक आहे हा! दादा फारच वर वर जायला लागला की मी त्याला थांबवून ठेवायचे.

शिवाय त्यात स्वतःचा नकाशा करता यायचा. तेरा बाय तेरा घरं. वीट, लोखंड, पाणी, झाडी, बर्फ. दादाला ते करायचा कंटाळा. मी गणिताच्या चौकटीच्या वहीत आधी पेन्सिलीने आखायचे, कारण वीज गेली की नकाशा गेला, आणि गुरुवारी वीज जायचीच. एका सुट्टीत मी आपला वाडा केला. मधला चौक मोकळा, विहिरीच्या जागी पाण्याची चार घरं, मागच्या पेरूला झाडी, मालकांच्या खोल्यांना लोखंड (त्यांच्यावर गोळी चालणारच नव्हती), आणि आपल्या खोल्यांना विटा. आखून झाला, तसा भरायला बसले. नकाशा भरायला पहिला रिमोट लागतो.

दादा शेजारी दुसरा रिमोट मांडीवर घेऊन बसला होता. कितीतरी वेळ. "झालं का ग?" "थांब." "आता?" "जिना राहिलाय." शेवटी तोच म्हणाला, "नळाजवळ एक वीट टाक, नाहीतर तिथून येतील." मी टाकली. त्या दुपारी आम्ही तो डाव कितीदा खेळलो ते आठवत नाही. आजी उठून चहा टाकेपर्यंत.

ती वही अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. काल काढून पाहिली, शिसं फिकं झालंय पण जिना दिसतो.

दिवाळीला येताना तुझं ते टीव्हीला लावायचं यंत्र आण. मनूने आत्तापासून सांगून ठेवलंय की तिला खेळायचंय, आणि तू तिला "तू बघ आधी" म्हणालास तेही तिने मला सांगितलंय. रिमोट दोन आण आणि दोन्हींवर स्टार्टचं बटण आहे का ते बघून घे. मामाने म्हणे जुनी बंदूक शोधून, पुसून ठेवलीये. ती आताच्या सपाट टीव्हीवर चालत नाही, जुना काचेचा डबाच लागतो. त्याला सांगू नकोस. घेऊन येऊ दे.

तुझी,
आई

ता.क. डब्यात चिवडा आणि लाडू पाठवतेय. लाडू वरच्या पिशवीत आहेत, चिवड्याखाली दाबू नकोस.