कँडिडेट म्हणजे पांढराशुभ्र!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

निवडणुकीच्या बातम्यांत 'कँडिडेट' हा शब्द रोज वाचतो पण तो आला कुठून हे कळलं तेव्हा हसूच आलं. लॅटिनमध्ये कँडिडस म्हणजे पांढराशुभ्र, आणि जुन्या रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक आपला टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) खडू चोळून चोळून चकाचक करायचे, गर्दीत उठून दिसावं म्हणून, त्यावरून हा शब्द. इ.स.पू. ४३२ मध्ये तर कपडे असे पांढरे करण्यावर कायद्याने बंदी आणली, असं लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो (फार काळ कोणी पाळली नसावी!). मनमोकळा या अर्थाचा 'कँडिड' पण ह्याच घरातला. 'अँबिशन' म्हणजेसुद्धा मुळात मतं मागत फिरणं. आपला 'उमेदवार' मात्र फारसीतला, उमेद धरून बसलेला, मला तोच जास्त खरा वाटतो.

– एक वाचक