जॅमरवाल्या काकांचे जाहीर आभार, लातूरच्या रोबो गँगकडून

काका, नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात म्हणून नुसतं काका लिहायलोय, गल्लीत कळायचं त्याला कळेलच. तोंडावर आभार मानले असते तर "उगं काहीतरी" म्हणून तुम्ही उठून गेला असता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगतो. आम्ही पोरं बॅटलटेक खेळतो, 1984 चा अमेरिकन बोर्ड गेम, अवाढव्य रोबो, षटकोनी घरांचा नकाशा, एक घर म्हणजे 30 मीटर, आणि दोन फासे. रोबो आमचे पुठ्ठ्याचे आणि नकाशा गंजगोलाईचा, कारण 16 रस्ते मधी येऊन मिळतात म्हणल्यावर मारामारीला असली जागा दुसरी कुठं सापडणार. नियम मात्र आम्ही इतके फिरवलेत की मूळ गेमवाल्यानं बघितलं तर त्याला ओळखू येणार नाही.

तर भांडण होतं मिसाईलचं. लांब पल्ल्याचा 20 वाला रॅक, म्हणजे एकदम 20 मिसाईल सोडणारा, 10 टनाचा, 21 घरांपर्यंत मारतो, आणि दुसऱ्या कुणी टार्गेट बघून सांगितलं तर बिल्डिंगच्या मागनं पण मारता येतो. त्यामुळं ज्याच्याकडं तो रॅक तो दुकानांच्या मागं निवांत बसायचा आणि बाकीचे रस्त्यानं चालत येतायेताच मरायचे. मूळ गेममधी यावर गार्डियन ईसीएम आहे, म्हणजे जॅमर, दीड टनाचा डबा, पण तो फक्त 6 घरांच्या आतली मिसाईलला मदत करणारी यंत्रं बंद पाडतो. म्हणजे आर्टेमिस नावाचं नेमाचं यंत्र बसवलेलं असलं की किती मिसाईल लागल्या ते ठरवणाऱ्या फाशात 2 वाढतात, 7 पडले तर 9 धरायचे, मग 20 पैकी 12 च्या जागी 16 लागतात, ते वरचे 2 ईसीएम काढून घेतो. साध्या मिसाईलला तो हातच लावत नाही. आमच्यातला एकजण याच रोबोंचा मेकवॉरिअर ऑनलाइन हा कॉम्प्युटर गेम खेळलेला, त्यात 2012 ला ईसीएम आला तेव्हा त्याच्या छत्रीखालच्या रोबोवर लांबून लॉकच, म्हणजे मिसाईलचा नेमच, लागायचा नाही, त्यानं तोच नियम आमच्या टेबलावर आणला. झालं, सगळ्यांनी डबा घेतला आणि मिसाईल कुणीच घेईना. दीड टनानं 10 टन फुकट घालवायचे असतील तर कोण घेईल? भांडणं तर इतकी की शेजारचे गॅलरीत यायला लागले.

तिथनंच तुम्ही आलात, आवाज कमी करा म्हणायला. आणि मग नकाशाकडं बघून विचारलंत, "हा जॅमर कोणत्या अंतरावर चालतो?" आम्ही म्हणलं, 6 घरं. तुम्ही म्हणालात, "नाही, तसं नसतंय, जॅमर म्हणजे भिंत नाही."

हवाई दलात रडारवर होतात हे आम्हाला तेव्हा कळालं. नोकरीतलं एक अक्षर सांगणार नाही, पुस्तकात आहे तेवढंच सांगतो, असं आधीच बजावलंत, ते पण आवडलं. आणि लाईट गेलेलीच होती तर तुम्ही दोन टॉर्च मागवल्या, एकाला पांढरा पंचा घेऊन गल्लीच्या त्या टोकाला उभं केलंत, त्याच्या हातात एक टॉर्च आमच्या डोळ्यावर मारायला, दुसरी माझ्या हातात पंचा शोधायला. लांबनं काही म्हणजे काही दिसेना, नुसती त्याची टॉर्च. चालत चालत जवळ गेलो तसा पंचा दिसायला लागला, त्याची टॉर्च चालूच होती तरी. तुमचं म्हणणं असं की मी रडार, तो जॅमर, माझा उजेड जाऊन परत येतो, त्याचा फक्त येतो. म्हणून अंतर निम्मं झालं की जॅमरचा गोंगाट 4 पट वाढतो पण रडारचा परतीचा आवाज 16 पट, आणि एका ठरावीक अंतराच्या आत रडारच जिंकतं. इतकी वर्षं शाळेत अंतराच्या व्यस्त वर्गाचा नियम घोकला तो कशासाठी हे त्या रात्री कळालं, खरं सांगतो.

मग नियम असा केला की डब्यामुळं मिसाईल बंद होणार नाही, लांबून मारली तर लॉकच्या फाशाला जड जाईल, आणि 3 घरांच्या आत आलं की डब्याचा काही उपयोग नाही. पण त्यात नवीनच अडचण निघाली, मूळ नियमात या मिसाईलला 6 घरांच्या आत स्वतःलाच नेम लागत नाही नीट, म्हणजे जिथं रडार जिंकतं तिथं रॅकवाला हरतो! तुम्ही हसलात आणि म्हणालात, मग दुसऱ्याला पाठवा की पुढं. आता एक हलका रोबो जीव मुठीत धरून हनुमान चौकाकडनं आत घुसतो, जवळनं टार्गेट पकडून देतो, आणि मागनं रॅकवाला मारतो. जो सारखा मागं बसून जिंकायचा त्याला आता दुसऱ्याच्या हातापाया पडावं लागतंय, हे मला वैयक्तिक लई आवडलंय.

आणि तुमचा दुसरा नियम तर कहर. "जो बोंबलतो त्याचा पत्ता लागतोच." जॅमर चालू ठेवला तर मिसाईल सरळ त्या गोंगाटावरच जाऊ शकते, खऱ्या जगातपण अशा मिसाईल आहेत म्हणालात. म्हणून दर टर्नला बाटलीचं झाकण हाताखाली लपवून ठरवायचं, चालू का बंद, आणि एकदमच उघडायचं. डब्याचं वजन आम्ही दीड टनच ठेवलं, वाढवायची गरजच पडली नाही. आधी सगळे वजन वाढवा, रेंज कमी करा एवढंच करत बसले होते, त्यानं काय झालं असतं तर डबा कुणी घेतला नसता आणि पुन्हा तो मागं बसणारा जिंकला असता.

काकूंचेपण आभार, एवढ्या रात्री मुरमुऱ्याचा सुशीला करून दिला, शेंगदाणे जरा जास्तच घालून.

आता एकच राहिलंय. तुम्ही 1943 च्या हॅम्बुर्गचं सांगितलंत ना, इंग्रजांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या विमानातनं सोडून जर्मन रडार आंधळी केली, आणि त्याआधी दोन्हीकडच्यांना ही युक्ती माहीत असून समोरचा शिकेल म्हणून कुणी वापरत नव्हतं. ते आम्हाला गेममधी पाहिजे. पट्ट्या एका मॅचमधी एकदाच, आणि एकानं वापरल्या की पुढच्या टर्नपासून सगळ्यांना मिळणार, असं मी म्हणतोय. बाकीचे म्हणतात मग पहिल्यांदा कुणीच वापरणार नाही. रविवारी संध्याकाळी या आणि सांगा कुणाचं बरोबर, टॉर्च चार्ज करून ठेवतो.

तुमचा,
पंचा धरायला ज्याला पाठवलंत त्याचा थोरला भाऊ